लोणावळ्यात राहणाऱ्यांनाही मोजा : एक खुले पत्र

प्रति,
लोणावळा-खंडाळ्याच्या पर्यटनाचं नियोजन ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

स. न. वि. वि.

माझं माहेर भुशी धरणाच्या रस्त्याला आणि सासर भांगरवाडीत. म्हणजे लग्न झालं तरी गाव सुटलं नाही, आणि सुटावं असं कधी वाटलंही नाही. वडील रेल्वेत होते. लहानपणी ते आम्हा भावंडांना भुशीच्या पायऱ्यांवर न्यायचे आणि सांगायचे, हे धरण रेल्वेनं बांधलं, घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला. धरण भरून पायऱ्यांवरून पाणी पडायला लागलं की आमच्या आळीत तो एक सणच असायचा. आई डब्यात गुळपोळ्या भरून द्यायची. माणसं तेव्हाही यायची, मुंबईहून यायची, पुण्याहून लोकलने यायची. त्यांचं कधी ओझं वाटलं नाही.

हे आधीच सांगते, कारण असं पत्र लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पर्यटक नकोत का तुम्हाला?' हवेत. माझा भाऊ रिक्षा चालवतो. माझ्या जावेनं बारा वर्षं चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईसमोर उभं राहून दोन मुलींची शिक्षणं केली. आमच्या घरात शिजणारी भाकरी पर्यटकांच्या पैशाचीच आहे. म्हणूनच हे पत्र पर्यटकांना नाही, तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारी दीडच्या सुमाराला भावाचा फोन आला की आईला दम लागलाय. तिला जुना दमा आहे, पावसाळी हवेत तो उसळतो, म्हणून घरात नेब्युलायझर ठेवलेला आहे. पण सकाळपासून वीज नव्हती, मशीन बंद. भाऊ त्या वेळी रिक्षा घेऊन बाजारात अडकलेला. त्यानं रुग्णवाहिकेला फोन केला, ती निघालीही, पण चौकाच्या अलीकडेच गाड्यांच्या रांगेत उभी राहिली. मी भांगरवाडीतून चालत निघाले. स्कूटर काढण्यात अर्थच नव्हता. रायवूडपासून पुढे रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या, येणाऱ्यांनी जाणाऱ्यांची बाजूही अडवलेली. मी गाड्यांच्या आरशांना छत्री लागू नये म्हणून ती मिटून घेतली आणि भिजत पळत गेले.

आई पायरीवर बसली होती. घरात कोंदट वाटतं म्हणून बाहेर येऊन बसलेली. ओठ निळसर, एका हाताने उंबरठ्याची कड धरलेली. शेजारच्या मुलाने आपली स्कूटर काढली, आईला मध्ये बसवलं, मी मागून तिला कवेत धरलं. पुढे माझा भाचा पावसात धावत एकेका गाडीच्या काचेवर थापा मारत होता, 'पेशंट आहे, पेशंट आहे'. लोकांनी बाजू दिली, हे मला मुद्दाम लिहायचंय. एका गाडीतली चार पोरं उतरली, त्यांनी पुढच्या दोन गाड्या हातानं ढकलून कडेला घेतल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जो रस्ता एरवी दहा मिनिटांचा आहे, त्याला आम्हाला एक तास चाळीस मिनिटं लागली. दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा ८१ आकडा दिसला. आई वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

त्या दिवशी कोणाची चूक होती? रुग्णवाहिकेच्या चालकाची नाही, चौकात सकाळपासून भिजत उभ्या असलेल्या पोलिसाची नाही, त्या पोरांचीही नाही. त्या रस्त्यावर किती गाड्या मावतात हे कोणी ठरवलेलंच नाही, आणि मावत नाहीत तेव्हा काय करायचं हेही ठरलेलं नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

२०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार ७०० होती. आज वाढली असेल. रस्ते, पाणी, गटारं, दवाखाने, सफाई कामगार, सगळं या संख्येभोवती आखलं जातं. पावसाळ्याच्या रविवारी गावात किती माणसं असतात, किती गाड्या उतरतात, याची नोंद आम्हाला कधी कुठे वाचायला मिळालेली नाही. बातम्यांत 'हजारो', 'लाखो' असे शब्द येतात. गर्दी झाली की गौरवानं सांगितलं जातं, लोणावळा फुललं. पण राहणाऱ्यांचं त्या दिवशी काय झालं, किती रुग्ण अडकले, कोणाची गाडी चुकली, कोणाची अंत्ययात्रा रस्त्यात खोळंबली, हे कुठल्याच बैठकीच्या कागदावर येत नाही.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा धरणाचा आणि जिवाचा. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. पाण्याचा लोंढा वाढला आणि ते एकमेकांना धरून मधोमध उभे राहिले, ते दृश्य सगळ्या देशानं मोबाईलवर पाहिलं. आमच्या भागातली माणसं त्यांना शोधायला जंगलात उतरली होती. दरवर्षी उतरतात. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि वरच्या डोंगरावर सर आली की खालचा ओढा काही मिनिटांत रूप बदलतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ते कळणार कसं? त्यानंतरच्या पावसाळ्यात, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, आमच्याच मावळ तालुक्यात कुंडमळ्याचा गंजलेला लोखंडी पूल गर्दीच्या भारानं इंद्रायणीत कोसळला. चार माणसं गेली.

दुर्घटना झाली की बंदीचे आदेश निघतात. संध्याकाळी सहानंतर जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, अमुक ठिकाणी थांबायचं नाही. आदेश चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण बंदी म्हणजे नियोजन नव्हे. बंदी लागली की भुशीच्या वाटेवर मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईचा हंगाम बुडतो. २०२४ मध्ये दुर्घटनेनंतर त्या वाटेवरच्या टपऱ्या पाडल्या गेल्या. त्यातल्या काहींच्या चुली त्या तीन महिन्यांच्या कमाईवर वर्षभर पेटायच्या. बंदी सैल झाली की पुन्हा तीच गर्दी आणि तीच कोंडी. दोन्ही वेळा भरपाई इथला माणूसच करतो, एकदा पोटानं आणि एकदा जिवानं.

त्या दुर्घटनेच्या दोनच दिवस आधी, २८ जून २०२४ ला, राज्याच्या अर्थसंकल्पात लोणावळ्यासाठी स्कायवॉकसह ३३३ कोटींच्या पर्यटन प्रकल्पाची घोषणा झाली होती. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंटला दरीवर काचेची वाट. होईल तेव्हा सुंदरच दिसेल. पण त्या पॉइंटांकडे जाणारा रस्ता कोणता, हे तुम्ही आम्हाला सांगायला नको. भुशी गाव, नौदलाची आयएनएस शिवाजी आणि सहारा पुलाकडे जाणारा हा तोच रस्ता, ज्याच्यावर माझी आई स्कूटरवर दोघांच्या मध्ये दाबून धरलेली होती. दरीवरच्या काचेसाठी शेकडो कोटी सुचू शकतात, तर त्या काचेपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर रुग्णवाहिकेसाठी एक मोकळी पट्टी का सुचत नाही? मी हे रागानं नाही, खरोखर समजून घ्यायला विचारते आहे.

कोणी म्हणेल, द्रुतगती मार्गावरच्या 'मिसिंग लिंक'नं कोंडी सुटेल. तो खोपोली ते कुसगाव असा जोडरस्ता घाट टाळण्यासाठी आहे. मुंबई-पुणे थेट जाणाऱ्यांना त्याचा फायदा आहे. पण लोणावळ्यातच उतरायला निघालेल्या गाड्या त्यानं कमी होत नाहीत. उलट त्या लवकर पोचतील. त्यात २०२५ मध्ये शेजारचा लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आम्हाला त्याचा अभिमान आहे, आम्ही पेढे वाटलेत. पण गर्दी वाढणार हे कळायला फार अभ्यास लागत नाही.

दुसरा मुद्दा रात्रीचा. तुंगार्ली असो, वलवण असो, आमची भांगरवाडी असो, कुटुंब राहायचं ते घर बघता बघता 'पूल असलेला बंगला' झालंय. चौकात हातात पाट्या घेऊन पोरं उभी असतात, 'बंगला पाहिजे का?' त्यांच्या पोटापाण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आमच्या कंपाउंडला लागून असलेल्या बंगल्यात मार्च महिन्यात, पुतणीची दहावीची परीक्षा चालू असताना, रात्री दीड वाजता डीजे सुरू होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पोरगी कानात कापूस घालून, उशी डोक्यावर घेऊन भूमितीची प्रमेयं पाठ करत होती. तक्रारीचा फोन केला. कोणी तरी आलं, आवाज कमी झाला, ते गेले, अर्ध्या तासात पुन्हा तेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नवा कायदा मागत नाही आहोत. असलेला कायदा शुक्रवार-शनिवारच्या रात्रीही लागू आहे एवढंच ऐकायचंय.

या बंगल्यांचं आणखी एक. त्यांच्या तरणतलावांत लहान मुलं बुडाल्याच्या बातम्या याच गावातून आल्या आहेत. जीवरक्षक नाही, कठडा नाही, खोलीची पाटी नाही. भाड्यानं जाणाऱ्या बंगल्याला घर समजायचं की लॉज, हे ठरवून टाका. घर असेल तर शांतता पाळा, लॉज असेल तर लॉजचे नियम पाळा. आणि भाड्याचं सांगायचं तर, पाहुण्यांना दोन रात्री देऊन जे मिळतं ते इथल्या शिक्षिकेकडून, नर्सकडून महिनाभरात मिळत नाही. माझ्या ओळखीची दोन कुटुंबं खोली मिळाली नाही म्हणून कामशेतला राहायला गेली आणि रोज लोकलने इथं कामाला येतात.

पाणी आणि घाण यावर थोडक्यात लिहिते. इंद्रायणी आमच्या कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. इथून निघून ती कार्ल्यावरून, कामशेत-तळेगावावरून देहूला जाते, आळंदीला जाते. आषाढी वारीला निघताना देहू-आळंदीला ज्या पाण्यात वारकरी हात जोडून उतरतात, ते पाणी आमच्या गावातून गेलेलं असतं. म्हणून विचारते, शनिवार-रविवारी तुडुंब भरलेल्या बंगल्यांचं आणि हॉटेलांचं सांडपाणी नेमकं कुठं जातं? हा प्रश्न फक्त आमचा नाही. आणि स्वच्छतेची बक्षिसं या गावाला मिळाली आहेत, त्याचं श्रेय ज्यांना द्यायचं त्या सफाई करणाऱ्या बायकांना मी सोमवारी सकाळी भुशीच्या वाटेवर पाहिलंय. गोणी पाठीवर, पायात साध्या चपला, पायऱ्यांच्या फटीतून फुटक्या बाटल्यांच्या काचा बोटांनी उचलत होत्या. एकीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. विचारलं तर म्हणाली, 'दर सोमवारी एक तरी लागतेच, ताई.'

आणि एक गोष्ट, जी छोटी वाटेल पण आमचं जगणं तिनंच बदललंय. जून ते सप्टेंबर आम्ही शनिवारी-रविवारी घराबाहेर पडत नाही. भाजी गुरुवारी आणतो. औषधं शुक्रवारपर्यंत. साखरपुडा, बारसं, कुठलंही कार्य शनिवार-रविवारी ठेवत नाही, कारण नातेवाईक पोचतच नाहीत. शनिवारी सकाळच्या शाळेतून पोरं दुपारी दोनला घरी येतात. ज्या धरणावर वडील आम्हाला न्यायचे, तिथं माझी मुलं पावसाळ्यात गेलेलीच नाहीत. गाव आमचं आहे, पण वर्षातले सगळ्यात सुंदर चार महिने त्यात आम्हाला जागा नाही.

उपाय नाहीत असं नाही. आपल्याच साताऱ्यात कास पठारावर दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करून जावं लागतं. फुलंही टिकली आणि गावांना कामही मिळालं. उटी आणि कोडाईकॅनलला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ७ मे २०२४ पासून गाड्यांना ई-पास लागू झाला. तिथल्या रहिवाशांना वेगळी सूट आहे. त्यामुळे उटी ओस पडली नाही. डोंगरावरच्या गावाला किती गाड्या पेलतात हे मोजता येतं, आणि मोजलं की ठरवता येतं.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

जून ते सप्टेंबर, शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी गावात येणाऱ्या गाड्या मोजा आणि तो आकडा दर सोमवारी जाहीर करा. एक पावसाळा मोजून झाला की त्यावरून मर्यादा ठरवा आणि पुढच्या वर्षापासून आगाऊ नोंदणी सुरू करा. रहिवाशांच्या गाड्यांना कायमचा पास द्या, दर वर्षी रांगेत उभं करून नको.

भुशी आणि पॉइंटांच्या रस्त्यावर गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या वर सोडू नका. वलवणच्या बाजूला, द्रुतगती मार्गावरून उतरल्या उतरल्या वाहनतळ करा आणि तिथून बस चालवा. त्या बसवर, वाहनतळावर, तिकीट खिडकीवर इथली पोरं घ्या, माझ्या भावासारख्या रिक्षावाल्यांना फेऱ्या ठरवून द्या. ज्यांच्या टपऱ्या गेल्या त्यांना वाहनतळाजवळ ओटे द्या.

त्या रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी सकाळी नऊ ते रात्री नऊ मोकळी राहिली पाहिजे, आणि भुशीच्या बाजूला गर्दीच्या दिवशी एक रुग्णवाहिका आधीच उभी असली पाहिजे. या एका मागणीबद्दल मी कुणाशीही वाटाघाट करणार नाही.

भाड्यानं जाणाऱ्या प्रत्येक बंगल्याची नोंद करा आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा : मालकाचा परवाना, तरणतलावाची सुरक्षा, सांडपाण्याची सोय. दुसऱ्यांदा आवाजाची तक्रार खरी ठरली की त्या हंगामापुरता परवाना बंद.

स्कायवॉकचं काम पुढं न्यायच्या आधी रस्ता, पाणी, सांडपाणी आणि दवाखान्यावर त्याचा किती भार पडणार याचा अहवाल मराठीत प्रसिद्ध करा, आणि त्यावर इथल्या लोकांची जाहीर सुनावणी घ्या. भुशी, कुरवंडे, रामनगर इथल्या बायकांना येता येईल अशा वेळी आणि जागी घ्या. आणि पर्यटनाच्या नियोजनाची जी बैठक दर पावसाळ्याआधी होते, तिच्यात हॉटेलवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या शेजारी रहिवाशांनाही खुर्ची द्या. बोलायला बोलावलंत तर मी येईन, कामावर रजा टाकून येईन.

त्या रविवारनंतर आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी आईची पिशवी भरायची. दोन लुगडी, औषधं, नेब्युलायझर, वाचायची पोथी. साडेपाचनंतरच्या लोकलने भाऊ तिला तळेगावला मावशीकडे सोडून येतो आणि सोमवारी सकाळी घेऊन येतो. ७४ वर्षांची बाई, लग्न होऊन ज्या घरात आली त्या घराला दर शुक्रवारी कुलूप लावताना तुळशीला पाणी जास्त घालते, कारण दोन दिवस कोणी घालणार नसतं. मी म्हटलं, अगं पाऊसच पडतोय की. तरी घालते.

येत्या जूनमध्ये मला ती पिशवी भरायची नाही. मोजणी, वाहनतळ आणि ती मोकळी पट्टी, यांतलं पावसाळ्याआधी काय होईल आणि काय नाही, ते तारखेसह लेखी कळवा.

आपली,
भुशी रस्त्याची माहेरवाशीण, एक लोणावळेकर